गच्चीची किल्ली कुणाकडे?

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. सोलापुरात ती एवढं बोलायलाही थांबत नाही. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले पाळणे उतरतात, हुरड्याच्या शेतातली ज्वारी काढणीला येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर जाऊन बसतो. पहाट मात्र अजून १८-१९ची असते. मग घरोघर एकच तह होतो: पंखा दोनवर आणि अंगावर चादर. मध्यरात्री कुणीतरी उठून पंखा तीनवर करतं, पहाटे दुसरं कुणीतरी तो बंद करतं आणि सकाळी चहाच्या वेळी दोघंही ‘मला काय माहीत’ म्हणतात.

या दीड-दोन महिन्यांत सोलापूरच्या घराला उन्हाचं जेवढं काम असतं, तेवढं वर्षभरात कधी नसतं. ऊनही या दिवसांत वागायला बरं असतं. वस्तू वाळवतं, पण माणसाला भाजत नाही. आणि नेमक्या याच वेळी जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही अपार्टमेंटचा जिना चढून गेलं, की शेवटच्या पायरीवर कुलूप भेटतं. शेजारी पाटी: ‘गच्चीवर जाण्यास सक्त मनाई. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, हे पाटी रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

हे कुलूप काढलं पाहिजे, निदान संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत तरी. गच्ची म्हणजे इमारतीचं झाकण आहे असं सोसायट्या धरून चालतात. सोलापूरसारख्या गावात ती घराची एक खोली आहे आणि तिच्यात वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत, ठरलेली कामं होतात. ती खालच्या कुठल्याच खोलीत होत नाहीत. का होत नाहीत, हे कामाच्या तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाही. कुलपाच्या बाजूनं बोलणारे बहुतेक लोक या तपशिलात कधी शिरलेलेच नसतात.

कुरडईच घेऊ. गहू तीन दिवस भिजतो आणि रोज सकाळी त्याचं पाणी बदलावं लागतं. एक दिवस जरी पाणी बदलायचं राहिलं तरी चिकाला आंबूस वास धरतो, आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी गहू वाटायचा, कापडातून पिळायचा, चोथ्यात पाणी घालून पुन्हा पिळायचा, सगळं गाळून रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी वर पिवळसर पाणी साचतं, ते हलक्या हातानं ओतून टाकलं की खाली पांढरा घट्ट चीक उरतो. जेवढी भांडी चीक तेवढीच भांडी पाणी. चीक फार घट्ट असेल तर पाणी थोडं वाढवायचं. पाण्यात मीठ, हिंग आणि चमचाभर तेल घालून ते खळखळ उकळू द्यायचं, मग आच कमी करून एकानं चिकाची धार सोडायची आणि दुसऱ्यानं लाटण्यानं घोटत राहायचं. धार जाड पडली किंवा घोटणाऱ्यानं फोन उचलला की गुठळ्या झाल्याच. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा दिसू लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला, की झाकण ठेवून दहा मिनिटं वाफ.

इथून पुढे घड्याळ सुरू होतं. चीक गरम आहे तोवरच तो सोऱ्यातून उतरतो. निवला की घट्ट होतो, दांडा फिरत नाही, शेव मध्येच तुटते आणि कुरडईची नक्षी होण्याऐवजी तुकड्यांचा ढीग होतो. म्हणून पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून थेट गच्चीवर न्यायचं आणि वर जाताच घालायला बसायचं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन मजले चढायला लागतो तेवढा वेळ चीक सोसतो. ‘किल्ली सेक्रेटरींकडे आहे, ते आंघोळीला गेलेत’ एवढा वेळ तो सोसत नाही. तीन किलो गव्हाची चार दिवसांची मेहनत दाराबाहेरच्या पायरीवर थिजते. सोसायटीच्या सभेत कुलपाची बाजू मांडणाऱ्यांनी एकदा तरी गार झालेल्या चिकाचा सोऱ्या फिरवून पाहावा. पुढच्या ठरावाची भाषा आपोआप मवाळ होईल.

पुढची गोष्ट वाळवण्याची. कुरडया सकाळी आठच्या आत घालून झाल्या पाहिजेत, म्हणजे पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. संध्याकाळी वरची बाजू सुकलेली असते. अलगद सोडवून उलटायच्या आणि घरात आणायच्या, कारण फेब्रुवारीत रात्री अजून दव पडू शकतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर, गरज पडली तर तिसऱ्याही. मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला म्हणजे झाली. मधल्या वेटोळ्यात ओल राहिली तर आत्ता काहीच कळत नाही. आषाढात डबा उघडल्यावर बुरशी दिसते, नाहीतर तळताना कुरडई फुलतच नाही, नुसती लाल होते.

बाल्कनीत हे का जमत नाही? पूर्वेच्या बाल्कनीला दहा-अकरापर्यंत ऊन, पश्चिमेच्या बाल्कनीला दोननंतर, उत्तरेच्या बाल्कनीला या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे जवळजवळ नाहीच. कुरडईला सलग सात-आठ तास हवेत. शिवाय आता बाल्कन्यांना जाळ्या, जाळ्यांवर कबुतरं, आणि कबुतरांविषयी जेवढं कमी बोलावं तेवढं बरं.

मग एप्रिल-मेमध्ये करा की, सुट्टीही असते, असं काही जण सुचवतात. करतातही बरेच. पण तेव्हा सकाळी नऊनंतर गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही, वाळवण वरून चटकन कडक होतं आणि आत ओलसर राहतं, आणि दुपारी चारला वळवाचा ढग कुठून येईल याचा नेम नसतो. अवकाळीचा धोका फेब्रुवारी-मार्चलाही असतो म्हणा. २०१४ साली याच महिन्यांत महाराष्ट्रात झालेली गारपीट सोलापूर जिल्ह्यातले द्राक्ष आणि डाळिंबवाले अजून विसरलेले नाहीत. तरी सरासरीनं पाहिलं तर कोरडी हवा, बेताचं ऊन आणि मोकळं आकाश हे तिन्ही एकत्र मिळण्याचा काळ हाच.

कुरडईला किल्ली दोन-तीन दिवसच लागते. सांडगी मिरचीला ती त्याहून जास्त दिवस, रोज दोनदा लागते. चिरलेल्या मिरच्या मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर बुडवायच्या, सकाळी निथळून उन्हात टाकायच्या, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. पातेल्यातलं ताक संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवस, हा क्रम चालतो, आणि मग पांढऱ्या खडखडीत होईपर्यंत नुसतं ऊन. मधला एक दिवस चुकला तर मिरच्या ताकातच नरम पडून वास मारायला लागतात. उडदाच्या पापडाची गोष्ट वेगळीच: त्याला कडक ऊन चालत नाही, कडा वळून तडकतात, त्याला लागते वाऱ्याची सावली. सांडग्यांना, शेवयांना, वर्षाच्या तिखटासाठी आणलेल्या लाल मिरच्यांना भरपूर ऊन लागतं. एकाच गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पापड आणि टाकीपुढच्या उन्हात सांडगे ही व्यवस्था सोलापुरातल्या मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही घरांत एकमेकांना न विचारता सारखीच ठरलेली असते.

आणि मग चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावर विणलेली, पाहुण्याला हौसेनं दिली जाणारी सोलापुरी चादर स्वतःच्या गावात धुऊन वाळवायला जागा मिळत नाही म्हणून ओशाळते, ही गोष्ट शहरानं मनावर घ्यायला हवी. नेहमीची मोठी चादर साधारण पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असते. जाड सुती विणीत पाणी इतकं धरतं, की ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात आणि बाल्कनीतली प्लॅस्टिकची दोरी पोटात खचते. थंडी संपताना घरातल्या चार-पाच चादरी एका पाठोपाठ धुवायच्या असतात. बाल्कनीत ती चार घड्या करून टाकावी लागते. बाहेरचा पदर वाळतो, आतला ओलसर राहतो. वरून कोरडी लागली म्हणून तशीच घडी घालून ट्रंकेत ठेवली, की पुढच्या दिवाळीत तिला कुबट वास येतो आणि दोष साबणाला दिला जातो.

नीट पद्धत अशी. नवी चादर पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडते, म्हणून वेगळी आणि गार पाण्यात. ब्रश नको, सूड घेतल्यासारखं आपटणंही नको. त्यानं वीण सैल पडते. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात साबण फेसत नाही आणि खळबळल्यावरही अंश राहतो, चादर पुठ्ठ्यासारखी कडक होते. म्हणून चादरी नळाच्या पाण्यात. गच्चीवर फूटभर अंतरानं दोन दोऱ्या बांधायच्या आणि चादर दोन्हींवरून टाकायची, म्हणजे दोन पदरांमधून वारा खेळतो. उलटी बाजू वर, नाहीतर रंगीत पट्टे एका हंगामात फिके पडतात. तीन-चार तासांत ती खडखडीत होते. सावलीत गार होऊ द्यायची आणि मगच घडी, मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला.

इथे सोलापूरची जुनी अडचण आडवी येते. उजनी धरण भरलेलं असो वा तळाला गेलेलं, शहरात नळाला पाणी रोज येत नाही. वार ठरलेला असतो, आणि तो चुकला की सगळी गल्ली एकमेकांना फोन करते. त्यामुळे चादरी धुण्याचा दिवस पंचांगावर ठरत नाही, पाण्याच्या वारावर ठरतो. गहू भिजत घालायचाही त्याच दिवशी, म्हणजे रोज बदलायला साठवण ताजी असते. बदललेलं पाणी कुंड्यांना जातं, चादरीचं शेवटचं खळबळलेलं पाणी जिन्याला. एवढं काटेकोर नियोजन करून सकाळी सातला बादली घेऊन वर जावं तर दाराला कुलूप. पाणी आज आलं, पुन्हा तीन-चार दिवसांनी येणार, आणि किल्ली मात्र ‘रविवारी मीटिंगनंतर बघू’. पाणी, ऊन आणि किल्ली या तिघांचा योग जुळवणं हे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा अवघड होऊन बसलंय.

वर्षाचं धान्यही याच दिवसांत भरलं जातं. मालदांडी ज्वारी बाजारात यायला लागते, नवी तूर आलेली असते. धान्याला एक-दोन उन्हं दाखवायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण उन्हातून उचललेलं गरम धान्य तसंच कोठीत ओतू नये, हे विसरलं जातं. गरम दाण्यातली वाफ थंड पत्र्याला लागून आत पाणी सुटतं आणि महिनाभरात वरच्या थरात जाळी आणि सोंडे दिसतात. धान्य रात्रभर घरात पसरून गार करायचं आणि दुसऱ्या सकाळी भरायचं, एवढाच उपाय. त्यासाठी गच्चीही लागते आणि संध्याकाळी ते खाली आणायला दोन माणसंही.

आता कुलपाच्या बाजूचे मुद्दे. ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला आणि सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा गळतीचा: ‘लोक वर जातात, म्हणून स्लॅब गळतो.’ वरच्या मजल्यावरच्या माणसाचं दुःख खरं असतं. पोपडे त्याच्याच छताचे पडतात. पण गळतीची कारणं वेगळी आहेत. आपल्याकडे स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून त्याला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, साधारण शंभर फुटांना एक फूट. हा उतार बिघडला, किंवा पाला, कबुतरांची पिसं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या साचून पाण्याचं तोंड तुंबलं, की पावसाचं पाणी उभं राहतं आणि भेगेतून उतरतं. डिश अँटेनाच्या पायासाठी स्लॅबमध्ये ड्रिलनं पाडलेली भोकं, टाकीच्या पाइपाचा सैल जोड, कठडा आणि स्लॅब मिळतात तिथली सुटलेली गोलाई, कुंड्यांखाली बारमाही राहणारी ओल ही नेहमीची ठिकाणं. साडीवर पसरलेल्या कुरडयांनी कोबा फुटल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही.

वजनाचंही तेच. माणसांची ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. बादलीभर ओल्या चादरी आणि त्या वाळत घालणाऱ्या दोन आजी त्यात आरामात बसतात. १००० लिटरची भरलेली टाकी मात्र एकटीच एक टन भरते, तीही एवढ्याशा जागेवर. ती तुळईवर, ओट्यावर आहे की नुसती स्लॅबवर टेकवली आहे, हे पाहायला कुणी वर जात नाही. दाराला कुलूप आहे ना! बंद गच्चीचं खरं नुकसान हेच आहे. रोज चार माणसं वर जात असतील, तर तुंबलेलं तोंड मे महिन्यात दिसतं. कुलूप असलं, की ते जुलैत वरच्या मजल्याच्या छतावर ओल होऊन दिसतं.

दुसरा मुद्दा टाकीच्या सुरक्षेचा. हा बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे: कुलूप टाकीच्या झाकणाला लावा. झाकणाला कडी बसवून लहान कुलूप घालायला फारसा खर्च येत नाही. पूर्ण गच्ची बंद करून झाकण मात्र उघडं, किंवा झाकण उडालेलं आणि वर फरशीचा तुकडा, ही बऱ्याच इमारतींतली सध्याची स्थिती आहे. त्या टाकीत काय पडलंय हे वर कुणी गेलं तरच कळणार.

पोरं पडतील, रात्री कुणी बाटल्या घेऊन बसेल, ही भीती मात्र खरी आहे. कठडा छातीपर्यंत नसेल तर आधी तो वाढवावा, त्याआधी गच्ची उघडू नये. लहान मुलं मोठ्यांसोबतच जातील, हा नियम कडक असावा. बाटल्यांसाठी वेळेचं बंधन पुरतं. संध्याकाळी साडेसहानंतर कुणाच्याच कुरडया उन्हात नसतात. आणि कुलपाचा एक धोका कुणी बोलत नाही: खाली मीटरच्या पेटीला आग लागली तर धूर जिन्यातूनच वर चढतो. खाली उतरता न येणारी माणसं वर धावतात, आणि वर दार बंद. निदान आतून हातानं उघडेल अशी कडी तरी प्रत्येक इमारतीत हवीच, वाळवण असो वा नसो.

हक्काचा प्रश्न दोन वाक्यांत संपतो. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यात सामायिक क्षेत्रांच्या व्याख्येत गच्ची आहे, आणि सामायिक म्हणजे सगळ्यांची. पदाधिकारी तिची व्यवस्था पाहतात. मालकी त्यांच्याकडे येत नाही, मग किल्ली कितीही मोठ्या जुडग्यात असो.

एक आक्षेप मात्र मनापासून ऐकण्यासारखा आहे. आता घरी कोण करतं हे सगळं? बचत गटांच्या कुरडया, सांडगे, शेवया, कडक भाकरी बाजारात चांगल्या मिळतात. नोकरी करणाऱ्या बाईच्या डोक्यावर पुन्हा सोऱ्या कशाला? शंभर टक्के मान्य. गच्ची उघडी असावी म्हणजे प्रत्येक घरानं कुरडया घातल्याच पाहिजेत, असं नाही. वाचनालय उघडं असलं म्हणून सगळे काही वाचत बसत नाहीत. पण बचत गटाची ती बाईसुद्धा कुठेतरी राहते, आणि आता ती पुष्कळदा फ्लॅटमध्येच राहते. दहा किलोचं काम घेतलेल्या बाईसाठी गच्ची म्हणजे तिच्या कारखान्याचं छप्पर आहे. ते बंद केलं की तिला नातेवाइकांच्या गच्च्या शोधत रिक्षातून परातींची ने-आण करावी लागते. आणि ओली चादर, धान्याचं पोतं आणि चिकाचं पातेलं तीन मजले वर नेणं हे पुरुषाच्या हातांना चांगलं जमतं. तिथे स्त्री-पुरुष समानतेचं भाषण करण्यापेक्षा पातेल्याची एक कड धरलेली पुरते.

जागा पुरेल का? बारा फ्लॅटची इमारत धरा. टाक्या, जिन्याची खोली, पाइप वजा जाता दीड हजार चौरस फूट तरी मोकळे राहतात. एक जुनी सुती साडी पसरली की साधारण साठ चौरस फूट, आणि त्यावर तीन किलो गव्हाच्या कुरडया सुखानं मावतात. बाराही घरांनी एकाच दिवशी साडी पसरली, तरी निम्मी गच्ची रिकामी. तसं कधीच होत नाही, कारण पाण्याच्या वारानंतर चौथा दिवस सगळ्यांचा एक आला तरी उत्साह सगळ्यांचा एका दिवशी येत नाही.

खरी ओढाताण पुढे होणार आहे ती सौर पॅनलशी. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटपर्यंत घरगुती जोडणीला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळायला लागलं, आणि सोलापूरच्या उन्हाला अखेर भाव आला. पण एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. तीन-चार फ्लॅटधारकांनी पुढाकार घेऊन आपापले पॅनल गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवले, की गच्ची संपली. उरलेल्या आठ घरांनी कुणाकडे जायचं? पॅनल बसवायलाच हवेत. पण परवानगी देताना सोसायटीनं सांगाडा सात-आठ फूट उंच करायला लावावा. खर्च थोडा वाढतो, वाऱ्यासाठी पाया भक्कम करावा लागतो. त्या बदल्यात खाली चालायला, दोऱ्या बांधायला जागा राहते, आणि उडदाच्या पापडांना हवी असते तशी वारा वाहती सावली फुकटात मिळते. पॅनलही धुवायला सोपे जातात. सोलापूरची धूळ पाहता ते वरचेवर धुवावे लागणारच, आणि त्यासाठीही कुणीतरी वर जायला हवं.

महापालिकेनं यात कुठे यावं? वाळवणाच्या परवान्यासाठी नको, एवढं नक्की. तो फॉर्म भरेपर्यंत पावसाळा येईल. पण उन्हाळ्याच्या तयारीत गच्चीला जागा द्यावी. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे छतं पांढरी करण्याचं कामही त्यात घेतलं. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घराला रात्री एक वाजताही भिंत गरम लागते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो. पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर स्लॅब मुळातच कमी तापतो. मालमत्ता कराच्या बिलासोबत ‘गुढीपाडव्यापर्यंत गच्चीचं तोंड साफ करा, चुना द्या’ असा एक कागद जरी आला, आणि करणाऱ्या सोसायट्यांना करात थोडी सवलत मिळाली, तरी किल्ल्या आपोआप फिरू लागतील.

चुन्याचा क्रम तेवढा सांभाळावा. कळीचा चुना रात्रभर पाण्यात विरवून, गाळून, त्यात फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून झाडूनं किंवा मोठ्या ब्रशनं पहिला हात द्यायचा, वाळला की आडवा दुसरा. चिकट पदार्थ विसरला तर चुना भुकटी होऊन पायाला लागतो, आणि मग पापडांना, चादरींना, जिन्याला. म्हणून आधी वाळवणं आणि चादरी, पाडव्याच्या आसपास झाडलोट आणि चुना. उलट केलं तर पांढऱ्या गच्चीवरून परावर्तित उन्हानं डोळे दिपतील आणि सांडग्यांना चुन्याचा लेप लागेल. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो, त्यामुळे लोखंडी घमेलं, लांब काठी, डोळ्यांवर चष्मा आणि मुलं चार हात लांब. या एका कामात घाई नको.

राहिली किल्ली. एक रखवालदाराकडे, एक तळमजल्यावर नेहमी माणूस असतो अशा घरी, एक वरच्या मजल्यावर. सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा दार उघडं. दाराशी दोरीला बांधलेली वही: कोण गेलं, कोणता कोपरा, किती वाजता उतरलं. पसरायला साडी किंवा प्लॅस्टिक आपलं. उडू नये म्हणून कडांवर पाण्यानं भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, दगड-विटा नकोत. दोऱ्यांचे हूक कठड्यात किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीत, स्लॅबमध्ये खिळा ठोकणाऱ्याला दंड. दंडाची रक्कम सभेत ठरवावी आणि पहिला दंड शक्यतो अध्यक्षांकडूनच वसूल व्हावा, म्हणजे नियमाला वजन येतं. राखणीला शाळेतून आलेली मुलं मोठ्यांसोबत बसवावीत. कबुतरं हाकलायच्या मोबदल्यात ती अर्धे ओले सांडगे खाणार, हे हिशेबात धरून डाळ पावशेर जास्त भिजवावी.

वर्षातला एकच दिवस असा आहे की त्या दिवशी गच्चीला कुलूप असलंच पाहिजे, आणि त्याला कुणी विरोध करू नये: रंगपंचमी. त्या दिवशी वर एकही चादर नको, रंगाच्या पिंपात टाकीतून काढलेलं पाणी नको, आणि तिन्ही किल्ल्या अशा घरी असाव्यात जिथे दहावीची परीक्षा चालू आहे.